भिंतीवरची मथुराआत्या

माझ्या राजामामानं जन्मात कुणावर विश्वास टाकला असेल तर तो कुलपावर, आणि तोही ओढून बघितल्याशिवाय नाही. सखू दूध घालून गेली की हा ते बोटावर घेऊन उन्हात धरायचा. पोस्टमन पत्र देऊन फाटकाबाहेर पडायच्या आत पाकिटाचा डिंक तपासून झालेला असायचा. परसात दोन हापूस होते. केरू आंबे उतरवायला वर चढला की मामा खाली उभा राहून त्याच्याशी गप्पा मारायचा. गप्पांची हौस होती म्हणून नव्हे. उत्तर यायला उशीर झाला की केरूच्या तोंडात आंबा आहे असं ठरायचं. केरू बिचारा मुळातच सावकाश बोलणारा. त्याच्या नावावर न खाल्लेले किती आंबे जमा झाले असतील देव जाणे.

मामा म्हणजे राजाभाऊ शेवडे, माझ्या आईचा पाठचा भाऊ. रत्नागिरीच्या कोर्टात मुद्देमाल सांभाळायचं काम त्यानं आयुष्यभर केलं. चोरीतली घागर, मारामारीतला कोयता, खुनातलं धोतर, जे काय पोलीस आणून टाकतील त्याला चिठ्ठी लावायची, कपाटात ठेवायचं आणि साक्षीच्या दिवशी बाहेर काढायचं. अशा वस्तूंमध्ये जन्म घालवला की माणसाला घरातली कढईसुद्धा कुठल्या तरी खटल्यातली वाटायला लागते. निवृत्त झाला तेव्हा कपाटं कोर्टात राहिली, नजर तेवढी झाडगावातल्या घरी आली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती सगळी कमलामामीच्या वाट्याला आली. मी शाळेत शिकवते, रामआळीत राहते, आणि आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे हेच घर. तिथे जाऊन मी त्याच्याशी भांडायची. मामीला तेवढीच विश्रांती.

या माणसानं एकाच गोष्टीवर कधी संशय घेतला नाही. ती माजघराच्या भिंतीवर टांगलेली होती.

काळ्या शाईतलं जुनं चित्र होतं ते. लांबून बघितलं तर एक म्हातारी बाई, डोक्यावरून जाड वस्त्र कपाळापर्यंत ओढलेलं, मान किंचित खाली, हात मांडीवर एकात एक घातलेले. जवळ गेलं तर बाई नाहीशी होऊन नुसत्या केसाएवढ्या बारीक रेघा दिसायच्या. भोवती जाड कागदाची पिवळी पडलेली पट्टी आणि काळी लाकडी चौकट. ही मथुराआत्या, म्हणजे माझ्या आजोबांची बहीण.

मथुराआत्या बालविधवा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केस काढलेले, अंगावर लाल आलवण, डोक्यावर पदर. मामाच्या जन्माच्या वेळी माझी आजी गेली आणि दोन्ही मुलं आत्याच्या ओटीत आली. आई तेव्हा चार-पाच वर्षांची, मामा तर तासाभराचा. त्याला आत्यानं कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलं. पण तो सहा वर्षांचा व्हायच्या आधीच तीही तापानं गेली. मामाला तिचा आवाज थोडा आठवायचा, आलवणाचा वास आठवायचा, चेहरा आठवत नव्हता. तो त्याला भिंतीवर मिळाला.

चित्राची हकिकत आजोबांनी त्याला सांगितली ती अशी. इथल्या एका जज्जसाहेबाच्या मडमेला चित्रं काढायचा नाद होता. ती भगवतीच्या देवळाकडे फिरायला गेली असताना तिला पायरीवर बसलेली आत्या दिसली, आणि मडमेनं तिथल्या तिथे तिला कागदावर उतरवली. पुढे साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव झाला, तेव्हा आजोबांनी आपली बहीण बोली लावून घरी आणली.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती तर मामानं मडमेचं नाव विचारलं असतं, पायरी किती रुंद होती ते विचारलं असतं, आणि सोवळ्यातली बाई परक्या मडमेसमोर इतका वेळ बसलीच कशी हे तर नक्की विचारलं असतं. वडिलांनी सांगितली म्हणून त्यानं ती गिळली. रोज पूजा झाली की तो ओल्या फडक्यानं काच पुसायचा, गंधाचं बोट लावायचा, तगरीचं पांढरं फूल ठेवायचा. विधवा म्हणून कुंकू नाही. मग चित्रासमोर उभा राहून "येतो गो आत्ये" म्हणायचा आणि कोर्टात जायचा. निवृत्त झाल्यावर भाजीला जायचा, तरी "येतो गो आत्ये" होतंच. माझ्या आईला मी एकदा विचारलं होतं, आत्या खरंच अशी दिसायची का? आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "असेल बाई. सगळ्या तशाच दिसायच्या."

चौऱ्याऐंशी साली मार्गशीर्षात एका रविवारी मी तिथे असताना श्याम केळशीकर नावाचा माणूस आला. चाळिशीचा, सफारी घातलेला, हातात चामड्याची बॅग. मुंबईत त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. कोकणातल्या घरांतून तो हंड्या, झुंबरं, घड्याळं आणि साहेबांच्या वेळची चित्रं विकत घ्यायचा. मामानं त्याला ओटीवरच अडवला.

"केळशीकर? केळशीचे का?"

"हो, मूळचे."

"याकूबबाबांचा दर्गा गावाच्या कुठल्या अंगाला?"

त्यानं सांगितलं. मग महालक्ष्मीच्या देवळाची विचारणा झाली, तळ्याची झाली, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकडीची झाली. सगळी उत्तरं बरोबर आली. मामा माझ्याकडे झुकून म्हणाला, "पढवलेला दिसतो. खरा माणूस इतकी अचूक उत्तरं देत नाही."

तरी कमलामामीनं चहा केला, आणि चहा ठेवायला स्टूल माजघरात म्हणून पाहुणा आत आला. आत आला आणि उभाच राहिला.

"अरे वा! ही बाई तुम्हाला कुठे मिळाली?"

"मिळाली म्हणजे? आत्या आहे ती माझी."

केळशीकर हसला. मामा हसत नाही हे बघून त्यानं हसू आवरलं. माणूस वाईट नव्हता. चहा बाजूला ठेवून त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वी हॉलंड देशात रेम्ब्रांट नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. म्हाताऱ्या माणसांची त्यानं पुष्कळ चित्रं रंगवली. ती राहिली राजेरजवाड्यांकडे. इतरांनी बघायची कशी? फोटो तर नव्हते. म्हणून कारागीर ते रंगीत चित्र बघून तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायचे, रेघांत शाई भरायचे आणि कागदावर दाबून छापायचे. साहेब लोक विलायतेहून येताना अशी छापील चित्रं घेऊन येत आणि बदली झाली की लिलावात काढत.

"एका पत्र्यातून शेकडो निघायची," तो म्हणाला.

"शेकडो?" मामा म्हणाला. "माझी आत्या एकच होती."

"ही पट्टी काढून बघा. खाली चित्रकाराचं आणि कोरणाऱ्याचं नाव छापलेलं असणार."

"पट्टी काढायला चित्र तुमच्या हातात देऊ, म्हणजे परत येताना दुसरंच येईल!"

केळशीकरनं हात जोडले आणि उठला. जाता जाता म्हणाला, "मी खोटं कशाला बोलू? हुबेहूब हीच बाई परवा चिपळुणात पाहिली. नदीकडच्या आळीत यमुनाबाई भागवत म्हणून आहेत, त्यांच्या माजघरात. त्यांना विकायची नाहीये. तुम्हालाही नसेल तर राहू दे."

तो गेला आणि घरात पीडा सुरू झाली. मामानं आधी चित्र खाली उतरवून तांदळाच्या कणगीमागे लपवलं. मग ती जागा मामीला ठाऊक झाली म्हणून कपाटात ठेवलं. मामीनं साधं विचारलं, "किती देतो म्हणत होता हो तो?" बिचारीनं ते नुसतं बोलायला म्हणून विचारलं. झालं! म्हणजे ही त्याला सामील! चहा आत दिला तो मुद्दाम, चित्र दिसावं म्हणून! मामी दोन दिवस बोलली नाही. केरू लाकडं फोडायला आला तर भर दुपारी दाराला आतून कडी.

"आवो भाऊ, कवाड लावून काय बसलाव?" केरू बाहेरून ओरडला. "त्यो मानूस गेला कवाच मुंबयला."

"तुला कसं ठाऊक तो गेला ते?" मामा आतून.

केरूनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो घरी गेला. सरपण मामीनं फोडलं.

मला वाटलं आठवड्यात निवळेल. पण मामाच्या मनात काहीतरी वेगळंच शिजत होतं. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला, पाणीसुद्धा न घेता बसला आणि म्हणाला, "उमे, आत्याचं सासर कुठलं माहीत आहे?"

"पोफळीकडचं ना?"

"पोफळीकडचं. म्हणजे जवळचं गाव कुठलं? चिपळूण." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आरोपी. "नवरा गेल्यावर ती लगेच इकडे आली नाही. काही वर्षं तिकडेच होती. त्या वर्षांबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. का बोलले नाहीत?"

"अरे मामा, दिराजावांकडे राबत असेल, दुसरं काय असणार?"

"मग चिपळूणच्या बाईकडे तिचं चित्र कसं? कुणी ठेवतं का परक्या बाईचं चित्र माजघरात? तिथेही तिनं कुणाला तरी वाढवलं असणार."

मला पहिल्यांदा त्याची कीव आली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि मत्सर कुणाचा, तर आत्याच्या मांडीवर आपल्याआधी कुणी बसलं असेल त्याचा! हसावं की काय करावं मला कळेना. म्हटलं, "चल, जाऊन बघू."

सकाळच्या एस.टी.नं निघालो. मामानं चित्र जुन्या धोतरात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, आजोबा, वर ठेवा. मामानं त्याच्या बिल्ल्याचा नंबर वाचून घेतला आणि चित्र मांडीवरच ठेवलं. संगमेश्वर गेलं, सावर्डे गेलं. चिपळूण जवळ आल्यावर मामा म्हणाला, "मी विचारीन तेच तू ऐकायचंस. मध्ये बोलायचं नाहीस."

यमुनाबाई ऐंशीच्या पुढच्या. पांढरं नऊवारी, अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. सुनेला पाणी आणायला सांगून म्हणाल्या, "बसा. त्या केळशीच्या मुलानं मुंबईला परत जाताना सांगितलं होतं, रत्नागिरीहून कुणी येईल म्हणून."

मामानं मला कोपरानं ढोसलं. संगनमत!

माजघरात गेलो. भिंतीवर मथुराआत्या होती.

तीच मान, तेच डोक्यावरचं जाड वस्त्र, तेच एकात एक घातलेले हात. मामानं धोतर सोडलं आणि आपलं चित्र तिच्या शेजारी धरलं. खिशातून भिंग काढलं. मग त्या बाईच्या भुवया, नाक, हाताच्या शिरा, वस्त्राची घडी, एकेक रेघ तो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ताडून बघायला लागला. यमुनाबाई आणि मी उभ्या. सून पाणी घेऊन उभी. एवढ्या रेघांत एक जरी रेघ वेगळी निघाली असती तरी त्यानं ती पकडली असती. ती निघाली नाही.

यमुनाबाईंच्या चित्राला पट्टी नव्हती. वाशिष्ठीचं पाणी एका वर्षी घरात शिरलं तेव्हा ती कुजून गेली, कागदाच्या खालच्या अंगाला पुराचा तपकिरी डाग तेवढा राहिला. त्या डागातून बारीक इंग्रजी अक्षरं दिसत होती. डावीकडे चित्रकाराचं नाव. उजवीकडे कोरणाऱ्याचं. मध्ये लंडन. मामानं ती अक्षरं भिंगातून वाचली, मग चष्मा पुसून भिंगाशिवाय वाचली. केळशीकर खरं बोलला होता.

"तुमची ही कोण?" मामानं विचारलं. चिपळूणला येताना त्यानं मनात केवढी उलटतपासणी रचली असेल, त्यातला हा एवढाच प्रश्न शिल्लक राहिला.

"कुणी नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "कोण कुठली मडम आहे. मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

"मग टांगलीत कशाला?"

"आमची गोदाकाकू होती. या घरात पन्नास माणसांचा स्वयंपाक तिनं एकटीनं केला जन्मभर. माझी चार बाळंतपणं तिनं केली. ती गेल्यावर मला वाटलं, तिची एखादी तसबीर असावी. कुठून आणणार? मग भंगारवाल्याकडे ही दिसली. डोक्यावर पदर, मान खाली, हात बघा, काम संपल्यावर बसलेत तसे. म्हटलं चल, तू आमची गोदाकाकू. खोटी आहे हे मला माहीत आहे हो. पण रोज कुणाला तरी हात जोडायला हवेत ना? त्या बाईला जिवंतपणी कुणी जोडले नाहीत."

मामा आपलं चित्र परत धोतरात गुंडाळायला लागला. यमुनाबाई त्याच्याकडे निरखून बघत होत्या.

"तुमच्याकडे घरातल्या सगळ्यांचा फोटो काढला होता कधी?"

"आहे एक. लहानपणचा."

"मग त्या दिवशी तुमच्या आत्याला कुठे बसवलं होतं, ते आठवून बघा. आमच्याकडे फोटोवाला यायचा तेव्हा पहिली हाक व्हायची, गोदा, तू आत जा. शुभ कार्याच्या फोटोत सोवळी बाई नको. ती आत जाऊन सगळ्यांचा चहा ठेवायची."

परतीच्या गाडीत मामा खिडकीबाहेर बघत बसला. चित्र पायाशी ठेवलेलं होतं. उतरताना ते तो विसरला, मी उचलून घेतलं.

मला वाटत होतं, आता रडेल आणि मोकळा होईल. तसं झालं नाही. त्याचा संशय आयुष्यात पहिल्यांदा जिथे पोचायला हवा होता तिथे पोचला. चित्र परत खिळ्याला लावलं, पण तोंड भिंतीकडे करून. गंध बंद, फूल बंद. माजघरात जायला लागू नये म्हणून तो परसातून स्वयंपाकघरात जायचा. मामीनं समजूत घातली, "अहो, आई नाही, आत्या गेली, पोर रात्रंदिवस रडतंय. मामंजींनी काहीतरी दाखवलं. माणूस दुसरं काय करणार?"

"पुरावा बनावट होता," मामा म्हणाला, "आणि तो माझ्या बापानं हजर केला."

मग माझ्या आईचा नंबर लागला. मालनताई मोठी होती, तिनं आत्याला चांगलं बघितलं होतं, तिला हे माहीत असणारच. ती का बोलली नाही? मला आईचं ते तांदूळ निवडणं आठवलं आणि मी गप्प बसले. सांगितलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. राग मात्र मलाही आला. आईचा नव्हे, आजोबांचा. मडम, देऊळ, पायरी, केवढी ती रचना! बहिणीसाठी लिलावात बोली लावली म्हणे! बहीण जिवंत असताना फोटोवाल्याला आठ आणे जास्त देऊन तिला कोपऱ्यात उभी केली असती तर ही सगळी नाटकं करावी लागली नसती. मी हे मामाला तोंडावर सांगितलं. एरवी वडिलांविरुद्ध शब्द ऐकून न घेणारा माणूस, त्या दिवशी त्यानं नुसती मान हलवली. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी तो माझ्याकडे आला. हातात भिंग.

"मालनताईकडे तो फोटो होता. सगळ्यांचा. काढ."

तो फोटो आईकडे आला तोही मामामुळेच. त्यात मामाचा चेहरा पुसट आला होता, म्हणून त्याला तो घरात नको असायचा. आई हसण्यासाठीच जपून ठेवते असंही त्याचं म्हणणं होतं. मी ट्रंकेतून काढून, पुसून त्याच्यापुढे ठेवला.

ओटीच्या पायऱ्यांवर सगळं घर बसलेलं आहे. मधोमध पागोटं घातलेले आजोबा. त्यांच्या शेजारी धाकटे चुलत आजोबा, त्यांची बायको, पाहुण्या आलेल्या नात्यातल्या दोन बायका, सगळ्या कोपरापर्यंत बांगड्या घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. पुढे परकर नेसलेली माझी आई, डोळे वटारून. आजोबांच्या मांडीवर चार वर्षांचा मामा, टोपीपासून मानेपर्यंत नुसता पांढुरका धब्बा. मथुराआत्या कुठेही नाही.

"नाही ना?" मी म्हटलं. "यमुनाबाई म्हणाल्या तेच. आत पाठवली असणार."

मामा भिंग घेऊन खाली वाकला होता. माणसांवरून भिंग सरकलं, खांबावरून सरकलं आणि मागच्या उघड्या दारावर थांबलं. दारात नुसता काळोख होता. मामा बराच वेळ तिथेच वाकून होता. मग त्यानं भिंग माझ्या हातात दिलं आणि बोटानं जागा दाखवली.

दाराच्या चौकटीवर एक हात होता. चार बोटं चौकटीच्या अलीकडे, मनगट उजेडात, बाकी सगळं आत अंधारात. कुणीतरी दाराआड उभं राहून बाहेर बघत होतं.

"मनगट बघ," मामा म्हणाला.

मनगट उघडं होतं. एक बांगडी नाही.

इतकी वर्षं त्याच्या सहवासात काढून माझीही जीभ तशीच झाली असावी. मी म्हटलं, "मामा, कुणाचाही असेल. एखाद्या पुरुषाचा असेल, गड्याचा असेल. कशावरून?"

मला वाटलं आता चिडेल. तो चिडला नाही. त्यानं भिंग माझ्या हातातून घेतलं नाही, नुसतं माझं मनगट धरून ते दारावरून हळूच खाली आणलं, आजोबांच्या मांडीवर, त्या पांढुरक्या धब्ब्यावर. भिंगातून बघितल्यावर धब्ब्याला एक कान दिसला. गालाची कड दिसली. पोरानं ऐन वेळी मान वळवली होती. पुढे फोटोवाला काळ्या कापडाखालून ओरडत असणार, आजोबांनी दंड घट्ट धरला होता, आणि हा मान मुरडून पाठीमागे, दाराकडे बघत होता.

"ती एकटी आत होती ना," मामा म्हणाला.

मामानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यानं पुसलं नाही.

"चेहरा काय आता मिळायचा नाही," तो म्हणाला. "पण मी बघितला होता गो, उमे. हे बघ, इथे बघतोच आहे."